शहाण्णव दरवाजे

बाथरूमचा दरवाजा सहा इंच रुंद करायचा, एवढंच काम होतं. सहा इंच म्हणजे पसरलेली वीतसुद्धा पुरी नाही. एवढ्यासाठी एका माणसाने दोन अर्ज केले, परवानगी खात्याचे चार जिने झिजवले, एक जाहीर सभा ओढवून घेतली आणि एकतीस वर्षांच्या नोकरीत जमवलेली अब्रू एका संध्याकाळी उधळली. हे ऐकून लोक म्हणतात, "अहो, सरळ गवंडी बोलवायचा ना!" असं म्हणणारे लोक नेहमी दुसऱ्याच्या बाथरूमबद्दल बोलत असतात.

माणूस ड्राफ्ट्समन. इमारतीचा नकाशा काढणारा. इमारत ज्याच्या नावावर खपते तो आर्किटेक्ट. तो हवेत हात फिरवून 'इथे असं काहीतरी मोकळं मोकळं' म्हणतो आणि जेवायला जातो. ते मोकळं मोकळं किती फूट किती इंच, त्यात जिना कुठून चढणार, सांडपाणी कुठून उतरणार आणि दार उघडलं की कोणाच्या टाळक्यात बसणार, हे ठरवतो ड्राफ्ट्समन. उद्घाटनाच्या पाटीवर त्याचं नाव नसतं. चूक निघाली की मात्र सगळ्यात आधी त्यालाच हाक. ऑफिसात याला गुण्या म्हणत. गवंडी काटकोन तपासायला वापरतो तो गुण्या. एक पाय उभा, एक आडवा, मध्ये वाक म्हणून नाही. तोंडावर गुण्याभाऊ, पाठ फिरली की नुसता गुण्या.

मागच्या वर्षी गुण्याच्या बायकोला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, जीभ राहिली. "बोलणं वाचलं हे फार मोठं नशीब," डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना काय, ते दहा मिनिटांत पुढच्या खाटेकडे गेले.

मग चाकाची खुर्ची आली. खुर्ची दोन फूट एक इंच. बाथरूमचा दरवाजा दोन फूट. चौकट दगडी, भिंतीत चिणलेली. दोनदा सरळ ढकलून पाहिली, एकदा तिरकी, एकदा मागून. खुर्चीला काही अक्कल नव्हती आणि दरवाज्याला दया नव्हती. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी मोजून पाहिलं आणि सांगितलं, "खुर्ची आत सीटच्या शेजारी लागली पाहिजे. भिंतीला एक दांडा बसवा. मग बाकीचं सगळं ताई एका हातावर स्वतः करतील. कुणी लागणार नाही."

कुणी लागणार नाही! बायकोने ते तीन शब्द असे घट्ट धरले, की उजव्या हातात उरलेली सगळी ताकद तिथेच गेली असावी. हॉलमध्ये पडदा लावून भांड्याची खुर्ची ठेवायचा एक पर्याय होता. "हॉलमध्ये? मी?" एवढं म्हणून तिने तो विषय असा मिटवला, की पुन्हा कोणी पडद्याचं कापड मागायला गेलं नाही.

तेव्हा रोज सकाळी, दुपारी ऑफिसातून धावत येऊन आणि संध्याकाळी, गुण्या तिला दाराशी खुर्चीतून काखेत हात घालून उचले आणि चार पावलं नाचत नाचत आत नेई. नाचणंच ते. फक्त गाणं नव्हतं. गाण्याच्या जागी ती शिव्या देई.

"हा दरवाजा ज्याने काढला ना," त्याच्या गळ्याशी लोंबकळत ती म्हणे, "त्याच्या घरी सगळे बाजूने चालत असणार. खेकड्यांचं खानदान मेलं!"

"हं," गुण्या म्हणे.

"त्याला म्हणावं, शाळेत आईने पट्टी नव्हती का रे दिली?"

"हं. पाय उचल."

"एकदा सापडू दे. याच दरवाज्यात अडकवून ठेवीन, आणि वरून गरम पाणी सोडीन."

गुण्या काही बोलत नसे, कारण दरवाजा त्यानेच काढला होता.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं, आणि त्यात थोडं कॉम्प्युटरचं येतं. घाबरू नये. कॉम्प्युटरवर नकाशा काढताना दरवाजा, खिडकी, बेसिन, कमोड या वस्तू दर वेळी नव्याने काढत नाहीत. एकदाच काढायची, नाव द्यायचं, आणि हवी तिथे ठेवत सुटायचं. याला म्हणतात ब्लॉक. शिक्का म्हणा हवं तर, पण जिवंत शिक्का. मूळ ब्लॉकमध्ये एक रेघ हलवली, की त्या नकाशात जिथे जिथे तो ठेवलाय तिथे तिथे ती रेघ आपोआप हलते. गुण्याने ऑफिसासाठी असे चारशे बारा ब्लॉक जमवले होते, पोटच्या पोरांसारखे. बाकीची मंडळी काय करत? 'दरवाजा-नवा' असं नाव देत, पुढच्या आठवड्यात 'दरवाजा-नवा-खरा', मग 'दरवाजा-शेवटचा', आणि मग 'दरवाजा-शेवटचा-आता-खरंच'. गुण्याला हे बघून ओकारी येई. त्याचा नियम एकच: एक वस्तू, एक नाव. बाथरूमच्या दरवाज्याचं नाव द-३. मरेपर्यंत द-३.

अकरा वर्षांपूर्वी या इमारतीचा नकाशा चालू होता. शहाण्णव घरं, शहाण्णव बाथरूम, शहाण्णव द-३, प्रत्येक अडीच फूट. साहेब म्हणजे आर्किटेक्ट मागे येऊन उभे राहिले.

"बेसिन बसत नाहीये. दरवाजे सहा सहा इंच खा."

"साहेब, शहाण्णव आहेत."

"तूच सांगतोस ना सगळ्यांना, एक बदलला की सगळे बदलतात म्हणून?"

गुण्याने द-३ उघडला, एक रेघ सरकवली, बंद केला. पडदा एकदा लुकलुकला आणि शहाण्णव दरवाज्यांनी एकदम अंग चोरलं. अर्धं मिनिटही लागलं नाही. साहेबांनी पाठ थोपटली. एकतीस वर्षांत साहेबांनी तीनदा पाठ थोपटली, त्यातली ही एक. दोन फुटांच्या दारातून कोण जाणार, कसा जाणार, हे साहेबांनी विचारलं नाही. गुण्यानेही नाही. नकाशात कमोड असतो, बेसिन असतं, नळसुद्धा असतो. फक्त माणूस नसतो. पुढे त्याच इमारतीत त्याला घर मिळालं तेव्हा त्याची छाती फुगली होती, पण मनातल्या मनात. घरीदारी हे सांगत सुटायचा त्याचा स्वभाव नव्हता. आपण काढलेल्या घरात राहणारे ड्राफ्ट्समन जगात किती?

तर आता तो दरवाजा परत अडीच फूट करायचा होता. भिंत फोडायची म्हणजे परवानगी खात्याचा कागद हवा आणि सोसायटीची ना हरकत हवी. अर्जाला दोन नकाशे जोडायचे: एक आत्ताच्या स्थितीचा, एक होणाऱ्या. बाहेरच्या माणसाला यासाठी ड्राफ्ट्समन शोधावा लागतो. गुण्याला वाटलं, चला, एका तरी बाबतीत आपण नशीबवान.

जेवणाच्या सुट्टीत त्याने इमारतीची जुनी फाइल उघडली. ऑफिसच्या संग्रहात द-३ आता पुन्हा अडीच फुटांचा होता, कारण नंतर साहेबांना अक्कल आली होती, किंवा बेसिनं लहान निघाली होती. तो नवा द-३ गुण्याने आणून 'होणाऱ्या' नकाशात ठेवला. बाजूला स्वतःच्या सुबक अक्षरात माप टाकलं: दोन फूट सहा इंच. छापलं, घडी घातली, अर्ज दिला.

आठवड्याने बोलावणं आलं. परवानगी खात्याचा कारकून चष्मा कपाळावर ठेवून बसला होता. काउंटरवर मागे सातआठ जण रांगेत.

"हा आत्ताचा?"

"हो."

"आणि हा होणारा?"

"हो."

"फरक काय?"

"दरवाजा. लिहिलंय बघा, अडीच फूट."

"लिहिलंय हो. लिहायला काय, मी माझ्या अर्जात उंच आणि देखणा लिहीन." कारकुनाने पट्टी लावली. "मोजलं तर दोन. हाही दोन, तोही दोन. मग रुंद काय करताय, मन?"

रांग हसली. गुण्याने पट्टी हातात घेऊन स्वतः मोजलं. दोन. कान तापले. क्षणात त्याला समजलं. फाइलमध्ये आधीच द-३ नावाचा ब्लॉक असला, की कॉम्प्युटर बाहेरून आलेल्या नव्या द-३ ला दारातूनच परत पाठवतो. त्याचं म्हणणं, या नावाचा माणूस आमच्याकडे आहे, तुम्ही कोण? आणि जुनाच पुढे करतो. ही चूक नवशिके करतात. गुण्याने अशा चुकीवर किती जणांना उभं आडवं सोलून काढलं होतं! पण ऑफिसातल्या जुन्या मंडळींना ही चूक कधी होत नसे, कारण ते गबाळे. त्यांच्याकडे दोन दरवाज्यांना एक नाव असायची सोयच नव्हती. शिस्त ज्याच्याकडे, ठेच त्यालाच.

"असं करा," कारकून दयाळू आवाजात म्हणाला, "एखाद्या ड्राफ्ट्समनकडून नीट काढून आणा. स्वतः कशाला करत बसता? ज्याचं त्याने काम करावं."

गुण्या जिना उतरला तो भिंतीला धरून.

दुसऱ्या वेळी त्याने ठरवलं, आता चूक नाही. फाइल उघडली, नवा द-३ आणला. कॉम्प्युटरने विचारलं, या नावाचा ब्लॉक आहे, बदलू का? बदल मेल्या, गुण्या म्हणाला. तेवढ्यात बायकोचा फोन. "कधी येताय?" "आलोच." त्याने 'होणारा' नकाशा डोळ्यात तेल घालून तपासला. दरवाजा अडीच. पट्टी लावून अडीच. मागच्या वेळी जिथे ठेच लागली तिथेच माणूस बघत राहतो, आणि खड्डा असतो पलीकडे. छापलं, एक प्रत खात्याला, एक सोसायटीला, आणि हा धावत घरी.

कारकुनाने या वेळी चष्मा डोळ्यांवर घेतला. म्हणजे प्रकरणात त्याला रस निर्माण झाला होता.

"आता आत्ताचाही अडीच आणि होणाराही अडीच."

गुण्याने पट्टी ओढून घेतली आणि दोन्ही मोजले.

"मागच्या खेपेला दोघं लहान होते. आता दोघं मोठे झाले. पोरं वाढतात तसे. पण साहेब, दरवाजा आधीच अडीच फूट आहे, तर तुमची अडचण काय आहे?"

गुण्याने बदल म्हटलं होतं, आणि कॉम्प्युटरने बदललं होतं. एक बदलला की सगळे बदलतात! दोन्ही नकाशे एकाच फाइलमध्ये. आत्ताचा, होणारा, आणि त्या फाइलमध्ये निमूट बसलेले बाकीचे पंच्याण्णव. हे पंच्याण्णव त्याच्या डोक्यात आले तेव्हा उशीर झाला होता. सोसायटीला त्याने नुसता आपल्या घराचा तुकडा द्यायच्या ऐवजी, काम चोख दिसावं म्हणून, पूर्ण इमारतीचा नकाशा दिला होता, आणि त्यात शहाण्णवच्या शहाण्णव दरवाजे अडीच फुटांचे झाले होते.

सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त गृहस्थ होते. निवृत्तीनंतर माणसाला दोनच छंद उरतात, तब्येत आणि दुसऱ्याची चौकशी. यांची तब्येत उत्तम होती. दर दोन दिवसांनी नोटीस लावत, म्हणून पोरं त्यांना परिपत्रक म्हणत. संध्याकाळी लिफ्टजवळ कागद लागला: 'सभासदांच्या बाथरूमच्या भिंती परस्पर फोडण्याचा घाट. तातडीची सभा. उपस्थिती आवश्यक.'

मग घरी लोकांची रीघ. समोरच्या काकू पहिल्या. "माझ्या बाथरूमला हात लावाल तर बघा. नुकत्या फरश्या बसवल्यात." वरच्या मजल्यावरचे एक आले. "माझा मात्र करा हो मोठा, फक्त डावीकडून करा." तिसऱ्याने खुर्चीभोवती प्रदक्षिणा घातली. "चाकं काढून बघितलीत का?"

"चाकं काढली तर खुर्ची आत कशी जाईल?" बायको म्हणाली.

"ते बघावं लागेल," तो म्हणाला.

चौथ्याने आवाज खाली आणून गुण्याला बाजूला घेतलं. "वहिनींचं वजन थोडं..."

"वहिनींचे कान शाबूत आहेत," बायको आतून ओरडली. "रुंद खुर्ची आहे, मी नाही! आणि तुम्ही आलात तेव्हा आमच्या मुख्य दारातून आडवेच शिरलात, मी पाहिलं!"

गुण्याला त्या आठवड्यात एकदाच हसू आलं, ते तेव्हा.

सभेच्या आधी त्याने एक शेवटचा मार्ग पाहिला. साहेबांकडे गेला. मूळ दरवाजा अडीच फूट होता, बेसिनसाठी लहान केला, एवढ्या दोन ओळी साहेबांनी लिहून दिल्या असत्या, तर खातं आणि सोसायटी दोन्ही गप्प बसली असती. साहेबांनी शांतपणे ऐकलं. टेबलावरचा पेपरवेट एकदा फिरवला.

"गुण्याभाऊ, माझी सही असलेल्या नकाशात चूक नसते."

"पण साहेब, तुम्हीच मागे उभं राहून..."

"मी उभा असेन. रेघ कोणी हलवली?"

अशी माणसं असतात. त्यांना पुरस्कार मिळतात आणि मोकळ्या जागेवर भाषणं द्यायला बोलावतात. गुण्याने खुर्ची आवाज न करता मागे सारली आणि बाहेर आला. इथे आवाज करायला हवा होता, हे सांगणाऱ्याला आज कळतं. त्याला तेव्हा दुपारी घरी वेळेवर पोचायचं होतं.

सभा खाली गाड्या लावायच्या जागेत भरली. बायको म्हणाली, "मी येणार." तिने उजव्या हाताने केस विंचरून घेतले, पाठीमागचा भाग गुण्याकडून. लिफ्टमधून खुर्ची नीट खाली आली, कारण लिफ्टचा नकाशा लिफ्टच्या कंपनीने काढला होता.

परिपत्रकांनी नकाशा खांबावर चिकटवला. आरडाओरडा सुरू झाला. गुण्याने उठून सांगायचा प्रयत्न केला की हे शहाण्णव दरवाजे फक्त कॉम्प्युटरमुळे मोठे झालेत, ब्लॉक एकच असतो, नाव एक असलं की... कोणी ऐकेना. "म्हणजे कॉम्प्युटर आमच्या बाथरूममध्ये शिरणार?" काकू म्हणाल्या.

तेव्हा बायकोने खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला.

"मला बोलू द्या. मला तुमचं काही फोडायचं नाही. मला माझ्या घरात माझ्या पायांनी नाही, तर माझ्या चाकांनी संडासात जायचंय. एक इंच कमी पडतोय. रोज तीन वेळा हा माणूस मला पोत्यासारखी उचलतो. त्याची कंबर गेली, माझी लाज गेली. आणि कोणामुळे? तर कोणीतरी एक शहाणा कुठेतरी गार खोलीत बसून दोन फुटांचा दरवाजा काढून गेला. त्याला वाटलं असेल, इथे मांजरं राहायला येणार!"

लोक हसले. तिला धार चढली.

"तुम्ही सगळे आज चालताय. चाला बापडे. पण एक दिवस तुमच्यातल्या कोणाची तरी खुर्ची त्याच दारात अडकणार. शहाण्णव दारं आहेत. त्या दिवशी त्या शहाण्याला शोधायला जाल. सापडला तर मला बोलवा. माझ्या खुर्चीत बसवून फिरवीन त्याला दिवसभर, आणि म्हणीन, जा आता, हो मोकळा."

टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या. काकूंनी डोळे टिपले. वजनवाल्याने सर्वांत जोरात वाजवल्या. परिपत्रक घसा साफ करून म्हणाले, "माणुसकीचा विषय आहे. वहिनींच्या एका दरवाज्याला ना हरकत द्यावी असं मला वाटतं. फक्त नोंदीसाठी मूळ नकाशा आणलाय." त्यांनी अकरा वर्षांपूर्वीची पिवळी गुंडाळी सोडली. कोपऱ्यात चौकोन असतो. त्यात काढणाऱ्याची, तपासणाऱ्याची, मंजूर करणाऱ्याची जागा. परिपत्रकांनी डोळे बारीक केले. "मंजूर करणारे, वाचता येतं. तपासणारे, कोरं आहे. काढणारे... दोन अक्षरं आहेत नुसती. काही लागत नाही. कोणी ओळखतं का? नाही? जाऊ द्या. सोडून देऊ."

सोडून देत होते. हे नीट ऐका. ते सोडून देत होते. गुण्या गप्प बसला असता तर हातात कागद पडत होता. पण एकतीस वर्षं त्याला एकच सवय होती. चूक दिसली की लाल पेन्सिलने तिच्याभोवती गोल करायचा, मग ती कोणाचीही असो. तो उभा राहिला.

"ती माझी आहेत," तो म्हणाला. "दरवाजा मी काढलाय."

आधी लोकांना विनोद वाटला. मग कळलं. त्यानंतर जे झालं ते सभेच्या वहीत तीन ओळींत आहे. माणुसकीचा विषय चौकशीचा झाला. ज्याने घोटाळा केला तोच दुरुस्तीची परवानगी मागतो म्हणजे काय, हा एक मुद्दा. आधीच्या चुकीची जबाबदारी कोणाची, हा दुसरा. उपसमिती नेमावी. उपसमितीचा अहवाल येईपर्यंत भिंतीला हात लावू नये. टाळ्या वाजवणारे हात हळूच खिशात गेले.

गुण्याने बायकोकडे पाहिलं नाही. लिफ्टमध्ये दोघं पाचव्या मजल्यापर्यंत आरशासमोर होती, तरी नाही.

घरी आल्यावर तो शिव्यांची वाट बघत राहिला. खरंच सांगतो, वाट बघत राहिला. खेकडा, मांजर, गरम पाणी, काहीही चाललं असतं. ती खुर्चीत खिडकीकडे तोंड करून बसली होती.

"बोल की काहीतरी," शेवटी तो म्हणाला.

"अर्ध्या मिनिटात शहाण्णव," ती म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी घरी येऊन सांगितलं होतंत. मला आठवतंय. कुठली इमारत ते मी विचारलं नव्हतं. कौतुकाने चहा केला होता तुमच्यासाठी. दोघं किती हसलो होतो."

"अगं, मला ठाऊक असतं तर..."

"मी कुठे काय म्हणतेय?"

तेच तर. ती काही म्हणत नव्हती. त्या दिवसापासून दाराशी उचलताना ती तोंडातून अक्षर काढेना. "जरा धरता का," एवढंच. वर "झालं, थँक्यू." लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेल्या बाईने नवऱ्याला थँक्यू म्हणावं, यापेक्षा चौकशी समिती बरी. चार दिवसांनी म्हणाली, "दुपारी नका येऊ धावत. मला गरज नाही लागत हल्ली."

गुण्याला बरं वाटलं. पुरुषांना अशा गोष्टींनी बरं वाटतं. ते लगेच विश्वास ठेवतात.

आठव्या दिवशी संध्याकाळी तो स्वयंपाकघरात गेला. सकाळी जाताना तो तिच्या टेबलावर पाण्याचा जग भरून ठेवत असे. दुपारी तिच्याजवळ बसायला येणाऱ्या समोरच्या काकूंनी तो परत आत आणून ठेवला होता. जग काठोकाठ भरलेला. त्याने पाहिलं, पेला कोरडा. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "आठवडा झाला, चहासुद्धा घेत नाहीत. म्हणतात, नको, पित्त होतं."

तो जग घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"सकाळपासून पाणी नाही प्यायलीस?"

"तहान नव्हती."

"नऊ तास?"

तिने मान फिरवली. ओठांना भेगा पडल्या होत्या. या भेगा आठ दिवस त्याच्या समोर होत्या. माप घेणारा माणूस!

"इतके दिवस त्या मेल्याला शिव्या देत आत जायचे," ती खिडकीला सांगितल्यासारखं म्हणाली. "बरं वाटायचं हो. तुम्ही उचलताय असं वाटायचंच नाही, त्याच्याशी भांडत जातेय असं वाटायचं. आता कोणाला देऊ? घरातल्या माणसाला नाही देववत. मग नुसतं उचलणं उरतं. ते नको वाटतं."

गुण्याने जग खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ऑफिसला गेला नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून छिन्नी आणि हातोडा आणला. आयुष्यभर त्याने भिंती काढल्या होत्या, एकही फोडली नव्हती. आधी बेसिन उतरवलं. ज्याच्यासाठी सगळं झालं ते बेसिन, दोन स्क्रूंवर होतं. मग बेसिनच्या बाजूला दगडी चौकटीच्या मुळाशी छिन्नी धरली आणि पहिला घाव घातला. तो छिन्नीऐवजी अंगठ्यावर बसला.

"छिन्नी खाली धरा," मागून बायको म्हणाली. "आणि हातोडा लांबून. दांड्याच्या टोकाला धरा, मानेला नाही."

"तुला काय माहीत?"

"तुमच्याइतकंच."

दहा मिनिटांत सगळा मजला जमा झाला. दार उघडंच होतं, धूळ बाहेर पडावी म्हणून. वजनवाले म्हणाले, वरून सुरू करायला हवं होतं. चाकंवाले म्हणाले, खालूनच बरोबर आहे, पण तिरकं. काकूंनी नाकाला पदर लावून एक ओला फडका आणून दिला. डाव्या बाजूची चौकट सुटली तेव्हा पाठोपाठ भिंतीची कड वीटवीट खाली आली. दरवाजा बिजागरीसकट आडवा पडला. गुण्याने टेप लावली. भोक वेडंवाकडं होतं. वर दोन फूट नऊ, खाली दोन फूट सात. काटकोन कुठेही नव्हता. त्याने जन्मात असं काही काढलं नव्हतं.

विटांचे तुकडे त्याने हातांनी बाजूला केले. लोकांना म्हणाला, "जरा बाहेर व्हा." का ते काकूंना कळलं, त्यांनी बाकीच्यांना ढकललं.

बायकोने एक हात चाकावर ठेवला. चाक चुऱ्यावरून करकरलं. एका हाताने ढकललेली खुर्ची वाकडी जाते, तिने ती दोनदा मागे घेऊन सरळ केली. गुण्या पुढे झाला तशी तिने मान हलवली. खुर्ची आत गेली. दोन्ही बाजूंना चार चार बोटं जागा राहिली. सीटच्या शेजारी जाऊन थांबली. दांडा अजून बसवला नव्हता, तेव्हा तिने नळाच्या पाइपला धरलं.

"दार लावा," ती सवयीने म्हणाली, आणि दोघांनीही जमिनीवर पडलेल्या दाराकडे पाहिलं.

गुण्या भोकात येऊन उभा राहिला, तिच्याकडे पाठ करून, दोन्ही हात दोन्हीकडच्या तुटक्या विटांवर ठेवून. अंगठा ठणकत होता. केसांत, भुवयांत चुना. मागे खुर्चीचा ब्रेक लागल्याचा आवाज आला, मग कापडाची सळसळ, मग बराच वेळ काही नाही, मग दमलेला श्वास. वळून बघायची भीती वाटत होती, आणि वळायचं नव्हतं.

परिपत्रक हातात कागद नाचवत हॉलमध्ये शिरले.

"काम ताबडतोब थांबवा! हे उपसमितीच्या... बाजूला व्हा, मला पंचनामा करायचाय. आत काय काय तोडलंय बघू द्या."

गुण्या हलला नाही.

"थांबा जरा," तो म्हणाला. "आत माणूस आहे."